विधानसभा विसर्जनाचं पहिलं प्रकरण हाती आलं, तर

अगं, आधी वर्तमानपत्रं बाजूला ठेव आणि राज्यघटनेचे अनुच्छेद १७२ व १७४ वाच; विधानसभेची मुदत, अधिवेशनं आणि विसर्जन तिथे आहे. पाच वर्षं ही फक्त कमाल मर्यादा. १९९९ मध्ये आपलीच, महाराष्ट्राची विधानसभा मुदतीच्या काही महिने आधी विसर्जित झाली होती.

मग गुजरातचा २००२ चा राष्ट्रपती-संदर्भ, म्हणजे राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाकडे मागितलेलं मत, पूर्ण वाच, घाई नको. नवे वकील इथेच अडखळतात. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको, हा नियम विसर्जित विधानसभेला लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. निवडणुकीच्या तारखा निवडणूक आयोग ठरवतो, पण उगाच लांबवून चालत नाही.

बिहारचं २००५ चं प्रकरण निराळं. तिथे सरकार बनायच्या आधीच राज्यपालांच्या अहवालावरून विसर्जन झालं. न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं, तरी विधानसभा परत आणली नाही, कारण निवडणुकीची तयारी बरीच पुढे गेली होती. निवडून आलेल्या आमदारांना एक दिवसही सभागृहात बसता आलं नाही, हे मला आजही बोचतं.

म्हणून याचिका लगेच दाखल कर. एकदा निवडणूक प्रक्रिया सुरू झाली की निवडणुकीच्या बाबतीत न्यायालयांच्या हस्तक्षेपाला मनाई करणारा अनुच्छेद ३२९ आडवा येतो. मसुदा घेऊन उद्या संध्याकाळी फोर्टच्या चेंबरमध्ये ये, आपण ओळ न् ओळ बघू.