दिवाळीनंतर कोकणात सहल नेली तर फोटोतली रुंद पुळण (समुद्रकाठची वाळू) दिसेल का?

यवतमाळच्या दारव्ह्याकडून सोयाबीन निघाल्यावर लगेच निघालात, तर किनारा अरुंदच भेटण्याची शक्यता जास्त. पावसाळ्यातल्या उंच लाटा वाळू ओढून नेतात, ती पाण्याखाली दांड्यासारखी साचते. हिवाळ्यातल्या मंद लाटा हळूहळू परत आणतात. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी बरा. दगडी बंधाऱ्यापुढे मात्र वाळू टिकणं अवघड, कारण लाट भिंतीवर आपटून पायथाच खरवडते. याचा फटका कासवांना बसतो, आणि ते फार वाईट आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी भरतीरेषेच्या वर, साधारण दीड फूट खड्ड्यात अंडी घालते. कोरडी वाळूच उरली नाही तर घरटं बुडतं. मग रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी पिल्लं पाहायला कोण जाणार? अमावस्या-पौर्णिमेला भरती मोठी असते, वेळ गावकऱ्यांना विचारूनच पोरांना पाण्याजवळ न्या.