हिंगाच्या डबीत गहू?

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या नातीला सिलिअ‍ॅक, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार, असल्याचं बायोप्सीनंतर नक्की झालं. गहू, रवा, मैदा, जव कायमचे बंद. घरात ज्वारी-तांदळावर आलो, तरी अधूनमधून पोट बिघडतंच आणि सिलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीतला आकडा हवा तसा खाली येत नाही. सून 'ग्लूटेन फ्री' छापलेलंच आणते, ते फार महाग पडतं. तसं लिहिलेलं नसलं तरी चालेल असं काही आहे का? पाकिटावर नेमकं बघायचं काय?
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, आधी फोडणीतल्या हिंगाची डबी सुनेच्या हातात द्या आणि मागची बारीक अक्षरं वाचून घ्या. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तसा वापरता येत नाही. म्हणून आपण वापरतो तो बांधणी हिंग, म्हणजे हिंग, डिंक आणि पीठ. कायद्याला ते मान्य आहे. पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं, काही कंपन्या तांदळाचं घालतात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे कित्येक डब्यांवर पीठ आधी आणि हिंग मागाहून दिसेल. एक पळवाटही आहे. वेष्टन 100 चौरस सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर त्यावर घटकांची यादी नसली तरी चालते, ती मोठ्या खोक्यावर असते. आणि ते खोकं वाण्याकडेच राहतं. म्हणून छोटी डबी घेऊच नका. तांदळाच्या पिठाचा, वर 'ग्लूटेन फ्री' छापलेला हिंग मिळतो, तो घ्या.

चिमूटभर हिंगाने काय होतंय, असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. एका वरणाने फारसं होत नाही, हे खरं. पण वरण, भाजी, लोणचं, पापड अशी बेरीज होत जाते. शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण आठ-दहा ग्रॅम ग्लूटेन असतं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात रोज अवघ्या 50 मिलिग्रॅमने आतड्यावर परिणाम दिसला होता. म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम पीठ. आपल्याकडे 'ग्लूटेन फ्री' म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, ते यासाठीच. 20 ते 100 च्या मधलं असेल तर तो 'लो ग्लूटेन', आणि सिलिअ‍ॅकच्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

तरी खरं सांगू? माझा पहिला संशय हिंगावर नाही, गिरणीवर आहे. तुमच्या आधी कुणाचे गहू दळले असतील तर जात्यात आणि पिशवीच्या तोंडाशी अडकलेलं ते पीठ तुमच्या ज्वारीत उतरतं. तिथे कुठलं लेबल नाही, की 'यात अमुक असू शकतं' अशी सूचना नाही. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घरघंटीवर दळा, आणि त्या घरघंटीत गहू कधीच घालू नका. नातीपुरती लहान घरघंटी घेतलीत तरी पैसे वसूल होतील.

आता खर्चाचं. अख्ख्या तांदळासाठी, डाळींसाठी 'ग्लूटेन फ्री'चे जादा पैसे मोजू नका. निवडून धुतलेले पुरतात. जादा पैसे पिठांवर घाला : बेसन, राजगिऱ्याचं पीठ, नाचणीचं पीठ, आणि बिस्किटं. ओट्स तर तो शिक्का नसेल तर आणूच नका, आणि असला तरी डॉक्टरांना विचारून. नाचणी मुळात निर्धोक असते, पण ज्या कारखान्यात ती दळली तिथे गहूही दळला जात असेल तर काय उपयोग?

पाकिटावर पुढचं चित्र सोडा आणि मागे वळा. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असतं, म्हणून सुनेला हे शब्द कागदावर लिहून द्या : व्हीट, मैदा, सूजी, सेमोलिना, बार्ली, माल्ट, राय, ओट्स. माल्ट म्हणजे बहुधा जवाचा. कॉर्नफ्लेक्सचा डबा 'मक्याचा' म्हणून आपण बिनधास्त उचलतो, पण त्यात माल्ट निघतो. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींचंही तेच. यादीखाली 'कन्टेन्स' अशी ओळ असते. गहू, राय, जव, ओट्स किंवा त्यांच्यापासून केलेलं काही आत असेल तर 2020 च्या लेबलिंग नियमांप्रमाणे ते तिथे जाहीर करणं बंधनकारक आहे. 'मे कन्टेन' म्हणजे आत घातलेला नाही, पण मिसळला असण्याची शक्यता आहे. मी फरसाणाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होते. सकाळी शंकरपाळी तळलेल्या तेलातच दुपारी बेसनाची शेव पडायची. शेवेच्या घटकांत गव्हाचा कण नाही, तरी ती शेव तुमच्या नातीसाठी नाही. 'मे कन्टेन' दिसलं की पाकीट खाली ठेवायचं, त्यात घासाघीस नाही. सुटं फरसाण तर सोडूनच द्या.

आणि घरचं मेतकूट! त्यात गहू असतो, हे करणारीलाच आठवत नाही. सातूच्या पिठाचंही तेच.

हे सगळं करून तीन-चार महिन्यांत आकडा उतरला नाही तर डॉक्टरांकडे परत जा. सगळा दोष खाण्यावर टाकून बसू नका.

प्रश्न : खपली गहू जुना, देशी म्हणून सिलिअ‍ॅकला चालतो, असं विक्रेता सांगतो. खरं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. खपली हा गहूच. ग्लूटेनची जात थोडी वेगळी, कणीक कमी ताणली जाते एवढंच. इतरांनी खुशाल खावा, छान लागतो. पण पाकिटावर कुणी 'ग्लूटेन फ्री' छापलं असेल तर पाकीट फेकू नका. बिल, बॅच नंबर आणि लेबलचा फोटो घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपवर तक्रार करा.