येऊरच्या कडेचे काम

प्रिय विद्यार्थिमित्रास,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात वन्यजीव संवर्धनाचे काम करण्याची इच्छा असून सुरुवात बिबट्यापासून करावी, असे तू लिहिले आहेस. तसेच कर, मात्र पहिले काही महिने जंगलात न शिरता उपवन, पोखरण रस्ता आणि घोडबंदर रस्त्यालगतच्या वसाहतींमधील कचराकुंड्या पाहत फीर.

येऊर ज्याचा भाग आहे, त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र जेमतेम १०४ चौरस किलोमीटर आहे आणि शहर त्याच्या कुंपणाला येऊन टेकले आहे. उघड्या कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि येथील बिबट्याच्या आहारात कुत्र्याचा वाटा मोठा आहे. म्हणजे ताट आपणच वाढून ठेवायचे आणि पाहुणा आला की ओरडायचे. हीच कुत्री जंगलात शिरून हरणांच्या मागे लागतात, रोगही नेतात. बिबट्या दिसताच ‘पिंजरा लावा’ अशी मागणी होईल, तेव्हा लोकांची भीती खोटी ठरवू नकोस. पण एक बिबट्या हलवला की त्याच्या मोकळ्या हद्दीत दुसरा येतो आणि परक्या जंगलात सोडलेला बिबट्या बिथरून भटकतो, हे शांतपणे सांग. २००४ मध्ये या उद्यानाभोवती माणसांवरील हल्ले एकाएकी वाढले, त्यामागे अन्यत्र पकडलेले बिबटे येथे आणून सोडणे हेही एक कारण असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. वाघोबाला पुजणाऱ्या वारली पाड्यांवर हे समजावून सांगावे लागत नाही. इमारतींतील सभांमध्ये मात्र फार लागते.

घोडबंदर रस्त्याने नागल्याचे जंगल मुख्य उद्यानापासून तोडले आहे आणि खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य आहे. हा रस्ता ओलांडताना बिबटे गाडीखाली मेले आहेत. मेलेल्या प्राण्याची, अगदी सापाचीही, जागा आणि वेळ टिपून ठेव. प्राण्यांसाठी भुयारी मार्ग मागताना तीच नोंद कामी येईल.

झाडे लावण्याची घाई करू नकोस. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) आणि घाणेरी (लँटाना) या बाहेरून आलेल्या वनस्पती फोफावलेल्या उतारांवर आधी काय उपटायचे, हे शिकावे लागते. कारवीचे झुडूप घे: ती येथे २०१६ नंतर थेट २०२४ मध्ये फुलली, त्यामुळे तिच्याबाबतीत केलेली चूक कळायलाही आठ वर्षे लागतात.

कचराकुंड्यांची पहिली नोंद महिनाअखेरीस पाठव. कुत्र्यांची मोजणी पहाटे कर आणि एकट्याने जाऊ नकोस.

तुझा हितचिंतक