पुनर्वसनानंतर जीवनमान सुधारलं का, हे मोजायचं कसं?

सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार) रुग्णांना ८ आठवडे पुनर्वसनाचे व्यायाम दिले, ६ मिनिटांत चालून होणारं अंतर वाढलं, मग ‘जीवनमान सुधारलं’ असं अहवालात लिहिता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

नाही. चालण्याची चाचणी क्षमता मोजते. पाय बळकट होऊनही माणूस भीतीपोटी घरात बसून राहू शकतो. जीवनमानासाठी वेगळी प्रश्नावली हवीच.

शिवाय हे अंतरही जपून वाचावं लागतं. साधारण ३० मीटरची वाढ अर्थपूर्ण मानतात, पण नुसत्या सरावानं दुसऱ्या चाचणीत सरासरी २५ मीटरच्या आसपास वाढ दिसते. म्हणून सुरुवातीलाच मध्ये अर्धा तास विश्रांती देऊन दोन चाचण्या घ्या आणि त्यातलं मोठं अंतर धरा. व्हरांडा, सूचना, काठी, ऑक्सिजनचा प्रवाह दोन्ही वेळी तेच ठेवा.

प्रश्नावली निवडताना गुणांची दिशा आधी पाहा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कॅट या सीओपीडीसाठीच्या छोट्या प्रश्नावलीत ८ प्रश्न, ० ते ४० गुण, आणि गुण कमी झाले तर सुधारणा. २ गुणांची घट पुरेशी. सेंट जॉर्जेस या श्वसनविकारांसाठीच्या प्रश्नावलीतही ० चांगलं, १०० वाईट, आणि ४ गुणांची घट अर्थपूर्ण. सीआरक्यूमध्ये (दीर्घकालीन श्वसनविकारांसाठीची आणखी एक प्रश्नावली) उलट, गुण वाढले तर सुधारणा. तिचे २० प्रश्न दम लागणे, थकवा, भावना आणि आजारावरचा ताबा अशा चार भागांत येतात, प्रत्येक उत्तराला १ ते ७ गुण. भागातल्या प्रश्नांची सरासरी काढा, ०.५ वाढली की फरक अर्थपूर्ण. थकव्याचे ४ प्रश्न आहेत. त्यांची बेरीज १२ वरून १६ झाली तर सरासरी ३ वरून ४ होते, म्हणजे बदल १ गुणाचा. बेरजेलाच ०.५ चा निकष लावला, तर जवळजवळ प्रत्येक जण सुधारलेला दिसेल.

वेळ थोडा असेल तर कॅट, पण पुनर्वसनाचा परिणाम नीट पकडायचा तर माझी पसंती सीआरक्यूला. सुरुवातीलाच कॅटचे ५-६ गुण असलेल्याला खाली यायला जागा उरत नाही. सीआरक्यूच्या मूळ पद्धतीत दम लावणारी ५ कामं रुग्ण स्वतः निवडतो. शेवटीही त्याच पाच कामांबद्दल विचारायचं, नवी निवडू द्यायची नाहीत. सेंट जॉर्जेस वापरणार असाल तर लक्षणांच्या भागात ‘गेल्या किती काळात’ विचारलंय ते बघा. ३ महिन्यांची आवृत्ती ८ आठवड्यांच्या कार्यक्रमानंतर भरून घेतली, तर व्यायामाआधीचे दिवसही उत्तरात मिसळतात. ४ आठवड्यांची आवृत्ती घ्या.

प्रश्नावली चालण्याच्या चाचणीआधी, शांत जागी, रुग्णाकडूनच भरून घ्या. शेजारी बसलेले नातेवाईक हटकून उत्तरं देतात. भाषांतर तपासून मान्य झालेलंच वापरा.

एक फसवी गोष्ट: वर्षभर जिना न चढलेला माणूस ‘दम लागत नाही’ म्हणतो. व्यायामानंतर तो चढू लागतो आणि त्या प्रश्नाचे गुण बिघडतात. तेव्हा ‘शेवटचा जिना कधी चढलात?’ हे बाजूला टिपून ठेवा.

नुकताच आजार बळावून गेलेला रुग्ण व्यायामाशिवायही थोडा सुधारतोच. तुलनेचा गट नसेल तर ते श्रेय कार्यक्रमाला देऊ नका. मधेच सोडून गेलेल्यांचा आकडाही द्या, कारण त्यांना वगळलं की सरासरी उगाच छान दिसते. सरासरीबरोबर किमान अर्थपूर्ण फरक गाठलेले किती जण, हेही लिहा. मोजणी ६ आणि १२ महिन्यांनी पुन्हा करा; व्यायाम सुटला की मिळवलेलं हळूहळू ओसरतं.