पाळी जायच्या वयात ‘पिशवी काढून टाकू का?’

“ताई, पिशवी काढून टाकली की सगळी कटकट मिटंल न्हवं?”

कर्नाटकातल्या निपाणी भागात चाळिशी ओलांडलेल्या बायका मला सगळ्यात जास्त हेच विचारतात. विचारणाऱ्यांत विडी वळणाऱ्या पुष्कळ. त्यांच्यातल्याच एका अक्कांची ही हकीकत, त्यांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितेय.

अक्का ४६ वर्षांच्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर, बाविसाव्या वर्षीच, मुलं बंद व्हायचं ऑपरेशन झालेलं. गेले काही महिने पाळीचा ताळतंत्र सुटलेला. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही आणि आली की दहा-बारा दिवस थांबायचं नाव नाही.

“लई जातंय” एवढं बोलून बायका गप्प होतात. किती जातं ते सांगायची लाज वाटते, म्हणून मी कामाचं विचारते. अक्का म्हणाल्या, “आधी दिसाला हजार विड्या हुयाच्या. आता सहाशेला जीव जातोय.” मांडीवर सूप घेऊन बसल्या की तासाभरात कपडा बदलायला उठावं लागायचं. बुडाखाली खताचं रिकामं पोतं घडी घालून घ्यायच्या, वर दोन परकर आणि गडद रंगाचं लुगडं. गाठी पडायच्या. उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. मी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी जरा ओढून बघितली, आतून पांढरीफटक होती.

हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी तीन कागद काढले. एक सोनोग्राफीचा रिपोर्ट, एक ऑपरेशनच्या संमतीचा कागद आणि एक सोनं गहाण ठेवल्याची चिठ्ठी. एका खासगी दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं, पिशवीत गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. झालं, त्या रात्रीपासून घरात कुणाला झोप नाही.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, गर्भाशय किंचित मोठं आणि त्याच्या स्नायूत दोन सेंटिमीटरची गाठ. ही फायब्रॉइडची गाठ. या वयात ती कितीतरी बायकांना असते, अनेकींना पत्ताही नसतो. तिचा कॅन्सर होणं फार म्हणजे फारच विरळा, आणि पाळी कायमची गेली की ती बहुधा आपोआप आकसते. संमतीचा कागद कन्नडमध्ये होता. अक्कांना मराठी वाचता येतं, कन्नड फक्त बाजारापुरतं बोलता येतं. मी तो वाचून दाखवला. त्यात पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढायचीही संमती होती. “त्ये कवा ठरलं?” अक्का म्हणाल्या.

त्यांना समजावलं ते असं. नुसती पिशवी काढली तर पाळी बंद होते, पण अंडाशयं त्यांचं काम पुढं चालू ठेवतात. अंडाशयंही काढली, तर निसर्ग जे दोन-चार वर्षांत हळूहळू करतो ते एका दिवसात होतं. अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप उडते. हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात, हृदयालाही धोका वाढतो. कधीकधी अंडाशयं काढावीच लागतात, पण त्याचं कारण बाईला तिच्या भाषेत कळायला हवं.

एवढं झाल्यावरही त्यांची घाई काही कमी होईना. मग विचारलं, नेमकं आत्ताच का? तेव्हा खरं बाहेर आलं. कागलकडं दिलेली लेक सात महिन्यांची गरोदर, पहिलं बाळंतपण, महिन्याभरात माहेरी येणार. घरात पाळीचं बाजूला बसणं अजून कडक. “बाराबारा दिस मी बाजूला, मग बाळाला न्हाऊ कोण घालणार? डिंकाचं लाडू कोण वळणार?” म्हणजे ऑपरेशनची तारीख आजारानं ठरवली नव्हती, लेकीच्या बाळंतपणानं ठरवली होती. आणि ज्याच्यासाठी ऑपरेशन, तेच त्यानं हातातून जाणार होतं. पोट उघडून पिशवी काढली की सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही, वाकून काम करायचं नाही. पाण्याची घागर राहू दे, भरलेली बादलीही नाही. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बाजूला बसण्याबद्दल मी त्यांच्या सासूबाईंशी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, बाळाला आजीचे हात हवेत की नकोत? सासूबाई पुटपुटल्या, पण पुढं त्यांनीच वाट काढली.

मी डॉक्टर नाही. पिशवी काढा किंवा काढू नका, हे मी कधीच सांगत नाही. आधी रक्त का जातंय ते कळू दे, मग ठरवा, एवढाच माझा हट्ट. मी अक्कांना सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडं घेऊन गेले. ऑपरेशन झालेलं असलं तरी आधी लघवीची गरोदरपणाची तपासणी झाली. अक्का लाजून हसल्या, पण ती करायचीच असते. पाळी लांबली की पाळी गेली असंच धरून चालणाऱ्या बायकांना या वयातही दिवस जातात. मग रक्त आणि थायरॉइडची तपासणी झाली, गर्भाशयाच्या तोंडाची झाली, आणि पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव असेल तर ही शेवटची तपासणी महत्त्वाची. कॅन्सर आहे की नाही याचं उत्तर तिथं मिळतं, नुसत्या सोनोग्राफीवर नाही.

तुकड्यात काही वाईट निघालं नाही. हिमोग्लोबिन मात्र ७.१. बाईला ते १२ तरी हवं. डॉक्टरांनी सलाईनमधून लोह दिलं, जास्त जाणाऱ्या दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या दिल्या, आणि गर्भाशयात हार्मोनची तांबी बसवायचा पर्याय पुढं ठेवला. तांबी म्हटल्यावर अक्का दचकल्या, कारण त्यांच्या जावेला साध्या तांबीनं जास्तच जायचं. ते खरंच आहे, तांब्याच्या तांबीनं रक्तस्राव वाढू शकतो. ही वेगळी, हिच्यातून थोडं थोडं हार्मोन सुटतं आणि अस्तर पातळ राहतं. चार दिवस विचार करून अक्कांनी ती बसवून घेतली. पहिले तीन-चार महिने अधूनमधून डाग दिसतात, घाबरू नका, हे आधीच सांगितलं होतं.

लेक आली. तिचंही हिमोग्लोबिन ९.४, गरोदर बाईला ते निदान ११ हवं. मायलेकी दोघी जेवल्या जेवल्या कपभर चहा घेत होत्या. चहानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही. तो तासभर पुढं ढकला आणि ताटात लिंबू घ्या, एवढंच सांगितलं. लेकीच्या नोंदी महाराष्ट्रातल्या आणि बाळंतपण इकडं, म्हणून तिकडचं कार्ड आणि सगळे रिपोर्ट घेऊन आल्या आल्या इथल्या आशाताईंकडं नाव घालायला लावलं. आपल्या भागात बरीच बाळंतपणं अशी सीमा ओलांडून होतात आणि ऐन वेळी कागद सापडत नाहीत. बाळंतपण सुखरूप झालं. न्हाऊ आजीनंच घातलं.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या गाजल्या. त्याच टोळ्या आपल्याकडच्या कारखान्यांवरही येतात. २०२२ मध्ये केंद्रानं विनाकारण पिशव्या काढल्या जाऊ नयेत म्हणून मार्गदर्शक सूचना काढल्या, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्या अमलात आणायला राज्यांना सांगितलं. चांगलंच झालं. पण मला दुसऱ्या टोकाचीही तितकीच भीती वाटते. अक्कांचे मालक म्हणत होते, “वय झालं की बाईचं असं हुतंयच.” हिमोग्लोबिन सातवर येईपर्यंत सोसत राहणं हेही काही शहाणपण नाही.

अक्कांचं बघून त्यांची ती जाऊही आली. वय ५४, पाळी जाऊन चार वर्षं झालेली. “मला काय न्हाई, कवातरी एखादा डाग पडतोय, उष्णतेनं असंल. मलापण तुमी पिशवी ठेवा म्हणून सांगणार न्हवं?” अक्कांच्या मानानं हिचं जाणं काहीच नव्हतं, तरी मला हिचीच काळजी जास्त वाटली. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं समजायचं, आणि त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. तिच्या अस्तराच्या तुकड्यात पेशी बदललेल्या निघाल्या. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवरचा बदल होता. तिची पिशवी काढायला लागली, अंडाशयांसकट. या वेळी संमतीचा कागद तिनं आधी पुतणीकडून मराठीत समजून घेतला आणि मगच सही केली.