फ्रीहोल्डची फाईल हाती घेताना

सांगली

चि. मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विश्रामबागच्या काकूंचं प्रकरण तू घेतलंस, फार बरं वाटलं. प्लॉट भाडेपट्ट्याचा, तो मालकी हक्काचा, म्हणजे फ्रीहोल्ड, करून देण्यासाठी मागितलेली रक्कम भरून झालेली, आणि दस्त काही होत नाही. वकिलांच्या पायऱ्या झिजवणारी अशी माणसं मी जन्मभर पाहिली. त्यांच्याकडे चिकाटीनं बघणारं कुणीतरी हवंच होतं.

तक्रारीचा मसुदा वाचला. पहिल्याच पानावर तू वसाहत उभारणारी संस्था, जिल्हाधिकारी आणि नगर भूमापन कार्यालय अशा तिघांना जाबदार, म्हणजे विरुद्ध पक्ष, केलंस. तिथेच मी थांबलो. ग्राहक आयोगात पहिला प्रश्न एकच येतो: पैसे कुणी घेतले आणि कोणत्या कामाचे? त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही तर पुढची वीस पानं वाया.

जमीन सरकारी असेल आणि पट्टा जिल्हाधिकाऱ्यांनी दिला असेल, तर तिचा धारणाधिकार बदलून वर्ग एक, म्हणजे मालकी हक्काचा, करणं हा 1966 च्या जमीन महसूल संहितेखालचा अधिकार. तिथे नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरला जातो, पट्ट्याच्या अटी मोडल्या का ते तपासलं जातं, आदेश निघतो. तो आदेश चुकीचा वाटला तर महसुली अपील करायचं. नजराण्याचा दर जास्त लावला, हा वाद आयोगापुढे घेऊन जाऊ नकोस. पण एखाद्या गृहनिर्माण प्राधिकरणानं रस्ते, गटार, पाणी करून प्लॉट पाडले, किंमत घेऊन वाटले आणि ठरलेली रक्कम भरली की फ्रीहोल्ड करून देऊ असं लिहून दिलं, तर ती सेवा, आणि तिच्यातल्या त्रुटीची तक्रार आयोगात चालते. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1993 मध्ये हे स्पष्ट केलं आणि छळाची भरपाई जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याची वाटही मोकळी केली. तो निकाल मुळातून वाच, नुसती हेडनोट, म्हणजे वर दिलेला सारांश, नको. त्याबरोबर चंदीगड प्रशासनाचा 2009 चा निकालही वाच. जाहीर लिलावात ‘आहे त्या स्थितीत’ भूखंड घेणारा ग्राहक ठरत नाही, असं त्यात म्हटलंय. समोरचे वकील तोच पुढे करणार. म्हणून काकूंच्या यजमानांना प्लॉट वाटपात मिळाला की लिलावात, हे वाटपपत्रावरून आधी ठरव. माझ्या मते सगळं प्रकरण या एका कागदावर उभं आहे.

आता कागदांकडे वळ. मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डचा) ताजा उतारा काढ आणि धारकाचं नाव व सत्ता प्रकार हे दोन रकाने मूळ पट्ट्याशी ताडून बघ. यजमान गेल्यावर वारसनोंद झाली आहे का? नसेल तर ‘अर्जच अपुरा होता’ हे उत्तर तयारच असतं. चलनाची प्रत तू जोडलीस, पण बँकेच्या शिक्क्यावरची तारीख उमटलेलीच नाही. बँकेकडून त्या दिवसाचा खातेउतारा घे. अर्जाच्या पोचवरचा आवक क्रमांकही पुसट आहे. माहिती अधिकारात आवक नोंदवहीच्या त्या पानाची आणि फाईलवरच्या टिपणीची प्रत माग. टिपणीत फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होती ते तारखांसकट दिसतं. सेवेतली त्रुटी दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

किमतीबद्दल तू घाबरून राज्य आयोगाचा विचार करतेस. त्याची गरज नाही. प्लॉटची आजची किंमत कितीही असो, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अधिकारक्षेत्र ठरतं ते मोबदला म्हणून प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवर. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग. काकूंची जुनी किंमत आणि रूपांतराची रक्कम मिळून पाच लाखांच्याही आत आहे, म्हणजे तक्रारीला शुल्कही नाही. आणि त्या राहतात सांगलीत, त्यामुळे संस्थेचं मुख्य कार्यालय कुठेही असलं तरी तक्रार इथेच.

मुदत दोन वर्षांची. दस्त करून न देणं हे रोज चालू असलेलं कारण आहे, असा युक्तिवाद जरूर कर. भोगवटा प्रमाणपत्राच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये तसंच धरलंय. पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. विलंबमाफीचा अर्ज तयार ठेव. समोरच्यांनी 30 आणि वर 15 दिवसांत लेखी म्हणणं दिलं नाही, तर ते दाखल करून घेण्याला तिथल्या तिथे हरकत घे. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा 2020 चा निकाल तुझ्या बाजूनं आहे.

मागणीच्या परिच्छेदात तू मानसिक त्रासाची भरपाई सगळ्यात वर ठेवलीस. ती खाली घे. काकूंना घर मुलीच्या नावावर करायचंय, त्यासाठी त्यांना दस्त हवा. आधी दस्त नोंदवून देण्याचा आदेश माग, नाहीच झाला तर भरलेली रक्कम व्याजासह, मग भरपाई आणि खर्च. आदेश न पाळल्यास तुरुंगवासापर्यंतची तरतूद कायद्यात आहे, तेव्हा आदेशात दिवसांची मुदत घालून घेण्याचा आग्रह धर.

जिल्हाधिकारी आणि नगर भूमापन कार्यालय ही दोन नावं आजच काढून टाक. सुधारलेला मसुदा काकूंना मराठीतून वाचून दाखव, मगच त्यांची सही घे. मूळ पावत्या त्यांच्याच कपाटात राहू देत. तू फक्त प्रती घेऊन ये. वाटपपत्र सापडलं की मला लगेच फोन कर, रात्री केलास तरी चालेल.

तुझे,
सर