पाय वीस टक्के अधू, पण काम किती टक्के गेलं?

प्रश्न : वकील मॅडम, माझा धाकटा भाऊ २८ वर्षांचा आहे, फरशी बसवायची कामं करतो. चार महिन्यांपूर्वी राँग साइडने आलेल्या टेम्पोने त्याच्या बाइकला उडवलं, पायात रॉड टाकलाय आणि गुडघा नीट वाकत नाही. एफआयआर झालाय. टेम्पोवाला म्हणतो ४० हजार घ्या, स्टॅम्प पेपरवर सही करा आणि विषय संपवा. भावाने हेल्मेट घातलं नव्हतं, पगाराची स्लिप पण नाही, मग मिळतंय ते घ्यावं का?

उत्तर : दादा, सही अजिबात करू नका. टेम्पोचा इन्शुरन्स चालू असेल तर भरपाई कंपनी देते, टेम्पोवाल्याच्या खिशातून जात नाही, त्यामुळे त्याची दया येऊन मागे हटू नका. पोलिसांकडून पॉलिसीचे डिटेल्स, पंचनामा वगैरे घ्या आणि लगेच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा टाका, तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात पण चालतो. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलीय (ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली) आणि तुमचे चार गेलेत.

हेल्मेटचं म्हणाल तर डोक्याला मार असता तर थोडी रक्कम कापली गेली असती, पण इथे मोडलाय पाय. २०२० मध्ये ट्रिपल सीटच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की नुसता नियम मोडला म्हणून भरपाई कापता येत नाही, त्या चुकीमुळे अपघात झाला किंवा मार वाढला असं दिसलं पाहिजे.

आता खरा मुद्दा, आणि इथेच लोक लाखो रुपये गमावतात. सर्टिफिकेटवर समजा २० टक्के अपंगत्व आलं, तर कंपनीचा वकील म्हणणार नुकसान २० टक्केच. पण फरशीवाल्याला दिवसभर उकिडवं बसावं लागतं, ते जमत नसेल तर काम निम्मंअर्धं गेलंच की! राजकुमार खटल्यात २०१० ला सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, की टक्के शरीराचे नाही तर कमाईचे बघायचे. समजा महिना १५ हजार धरले, वर्षाचे १,८०,०००, पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के, झाले २,५२,०००, याला २८ व्या वर्षासाठी ठरलेल्या १७ या गुणकाने गुणायचं. यावर २० टक्के धरले तर ८,५६,८००, आणि ४० धरले तर १७,१३,६००. म्हणून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष घ्या, तो काय काय करू शकत नाही हे त्यांनी कोर्टात सांगायला हवं. स्लिप नसली तरी ज्या ठेकेदाराकडे काम केलं त्याची साक्ष, बँकेच्या नोंदी चालतात.

आणि निकालातल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून मागणारा वकील किंवा एजंट भेटला तर लांब राहा, वकिलांना तसं ठरवायला बार कौन्सिलच्या नियमातच बंदी आहे. रॉड काढायचं ऑपरेशन बाकी असेल तर त्याचा अंदाजे खर्च डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या, तोही दाव्यात मागता येतो.